पुस्तकात नसलेला नावाडी

चोपडे मास्तर एकदा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी दगड झालो होतो.

भांडण वगैरे काही नव्हतं. आम्ही शेजारी राहायचो, मधली भिंत एक, नोकरीची शाळाही एक. सकाळी मी नेहमीसारखा "काय मास्तर, निघायचं काय?" म्हणालो, तर ते मला वळसा घालून निघून गेले. शाळेत मधल्या सुट्टीत चहा आला. त्यांनी सगळ्यांचे कप भरले आणि माझ्यापुढून किटली तशीच पुढे नेली. शेवटी मी त्यांचा खांदा धरून हलवला, तेव्हा माझ्याकडे न बघता ते खिडकीला म्हणाले, "दगड बोलत नसते. दगड चहाही पेत नसते. इंगळे गुरुजीले कोणी सांगून द्या, शनवारी भस्मनाथाचा शाप उतरते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर खेळताना माझी सोंगटी भस्मनाथ जादूगाराच्या घरात जाऊन पडली होती. पुस्तकात त्या घरात गेलेला माणूस शनिवारपर्यंत दगड होतो. मास्तरांच्या मते तो पटावर दगड आणि पटाबाहेर माणूस, अशी सोय पुस्तकात कुठे दिलेली नाही.

मोताळ्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते चित्रकला. महाराष्ट्र नुकताच झाला होता. हेडमास्तरांनी शाळेच्या भिंतीवर नव्या राज्याचा मोठा नकाशा काढायचं काम चोपडे मास्तरांना दिलं. नकाशा झकास झाला. पुढे तपासणीला साहेब आले, तेव्हा त्यांना सातपुड्याच्या वरच्या अंगाला बारीक अक्षरात 'आरशांचं रान' असं लिहिलेलं दिसलं. त्यांनी विचारलं, हे कुठलं जंगल? मास्तर शांतपणे म्हणाले, "जागा रिकामी होती, साहेब." हेडमास्तरांनी त्या दिवशी दुपारचा डबा खाल्ला नाही.

हे आरशांचं रान, भस्मनाथ, काळी नदी सगळं एका जुन्या कादंबरीतलं होतं. तिचं नाव मला आजही माहीत नाही. पहिली पानं फाटलेली होती, म्हणून आम्ही तिला नुसतं 'पुस्तक' म्हणायचो. ते मास्तरांच्या बायकोचं, यमुनावहिनींचं. लग्न होऊन वडनेर भोलजीहून आल्या तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ते घालून आणलं होतं. मास्तरांनी ते वाचलं आणि कामातून गेले. मांजरपाटाच्या कापडावर त्यांनी त्याचा पट रंगवला. रानं, नद्या, किल्ले, भुयारं सगळी त्यात आली. बाभळीच्या लाकडाच्या सोंगट्या कोरल्या, कवड्या आणल्या आणि खेळायला माणसं शोधली. माणसं म्हणजे मी, आणि दवाखान्यातला वासुदेव कंपाउंडर. वहिनी तर घरातल्याच होत्या. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळ झाली की कंदील लागायच्या आत पट अंथरला जायचा.

आता आमच्या घरातली तरुण मंडळी संगणकावर तसलाच एक खेळ खेळतात. कुठल्याशा जाडजूड परदेशी कादंबरीवरून केलेला. खेळणारे देशोदेशीचे, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. आणि त्यांची भांडणं काय, तर पुस्तकात या राक्षसाला शिंगं नव्हती, मग खेळात कशी आली? सूनबाई मोठ्या उत्साहाने मला हे सांगते. मी हो हो म्हणतो. नवल वाटण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नाही. माझी उमेदीची वर्षं त्याच भांडणात गेली आहेत.

"पुस्तक काय म्हणते?" हा मास्तरांचा शेवटचा शब्द. वासुदेव कंटाळून एकदा म्हणाला, "मास्तर, राजपुत्राले एखादं पिस्तूल द्या ना. हा भस्मनाथ काही मरत नाही." मास्तरांनी पट गुंडाळला. दोन दिवस खेळ बंद. तिसऱ्या दिवशी वासुदेवने ओसरीवर उभं राहून, पुस्तकात पिस्तूल नाही असं मोठ्याने कबूल केलं, तेव्हा कुठे पट उघडला.

काळी नदी ओलांडायला किती दान लागावं, यावर एक अख्खा पावसाळा गेला. पुस्तकात ती 'विशाल' असल्याचं म्हटलंय. विशाल म्हणजे किती? मास्तर मला ओढत पूर्णेचा पूर बघायला घेऊन गेले. काठावर एकजण म्हैस धूत होता. मास्तरांनी त्याला विचारलं, "का हो, हे नदी विशाल हाय का नुसतीच मोठी?" तो म्हणाला, "म्हशीले विचारा, तेच रोज पोहते." परतताना आमचे पाय चिखलात गुडघ्यापर्यंत जात होते आणि मास्तर म्हशीचं मत कसं घ्यावं याचा विचार करत होते.

त्यांना ऐकवणारं माणूस घरात एकच. राजपुत्र काळ्या नदीच्या काठी नुसत्या बोरांवर राहिला, असं पुस्तकात आहे. आमच्या सोंगट्या तिथे पोचल्या तेव्हा वहिनींनी गरम भजी आणली. मास्तरांनी ताट मागे सारलं. वहिनी म्हणाल्या, "पुस्तकातल्या राजपुत्राले बायको नव्हती. तुमाले हाय. खा गुमान." मास्तरांनी खाल्ली. भज्यांना आधार नव्हता तरी दोनदा मागून घेतली.

वहिनींची सोंगटी राजकन्या मणिमंजिरी. पुस्तकात तिचं नशीब वाईट. काळ्या नदीवरच्या काचेच्या घाटावर पाय पडला की ती काचेत शिरते आणि कायमची जाते. त्यामुळे पटावर काचेचा घाट हे एक घर होतं, आणि वहिनींचं दान तिथे पडलं की मास्तर तिची सोंगटी उचलून पत्र्याच्या डबीत टाकायचे. त्या डावापुरती ती संपली. यात त्यांनी कधी हयगय केली नाही. वहिनींचीही तक्रार नसायची. "सुटली बाई," म्हणत त्या उठायच्या आणि भाकरी टाकायला आत जायच्या.

मग एका वर्षी त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. ओसरीची पायरी चढताना दम लागायचा. खामगावच्या डॉक्टरने तपासलं आणि मास्तरांना औषधं दिली, पण खरं काय ते वासुदेवला बाजूला घेऊन सांगितलं. वासुदेवने ते मला सांगितलं. "हृदय थकलं हाय, गुरुजी. हिवाळा निघते की नाही, सांगता येत नाही." मास्तरांना कोणी काही सांगितलं नाही. पण मास्तरांनी वहिनींची बाज ओसरीवर आणून पटाला लावून ठेवली, तेव्हा आम्हाला कळलं की त्यांना सांगायचं काही उरलेलं नाही.

वहिनी पडल्या पडल्या सुपात कवड्या टाकायच्या. वासुदेव त्यांची सोंगटी हलवायचा. एका संध्याकाळी तो घरं मोजत गेला आणि त्याचं बोट मधेच थांबलं. पुढचं घर काचेचा घाट होतं.

वहिनीच म्हणाल्या, "काऊन थांबले? टाका डबीत. दर वेळी तर लय घाई राह्यते."

मास्तर पटाकडे बघत होते. "थांब," ते म्हणाले. "इथं नावाडी येते."

"कोणता नावाडी?" वासुदेव म्हणाला.

"घाटाखाली होडी राह्यते. नावाडी तिले काढते काचेतून. होडीत बसवते."

त्यांच्याच कृपेने मला ते पुस्तक तोंडपाठ झालं होतं. त्यात नावाडी नाही. काळ्या नदीत होडी तरंगतच नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वहिनींनाही ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, "माह्या ट्रंकेतून आलेलं पुस्तक हाय हे. त्यात नावाडी नाही."

"दुसऱ्या भागात हाय."

"दुसरा भाग तुमाले कुठी भेटला?"

"वाचला होता. मलकापूरले. लहानपणी." मास्तरांचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची त्यांना बिलकुल सवय नव्हती.

वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. बसवा मंग."

त्या दिवसापासून मास्तरांचे हाल सुरू झाले. डाव संपला की वहिनी विचारायच्या, "दुसऱ्या भागात पुढं काय होते?" आणि मास्तरांना काही सुचायचं नाही. हा माणूस समोर ठेवलेल्या वस्तूचं चित्र हुबेहूब काढायचा, पण मनाने एक पान रचायची त्याची ताकद नव्हती. शाळेत मधल्या सुट्टीत ते मला गाठायचे.

"गुरुजी, नावाडी पुढं काय करू शकते?"

"वल्हवू द्या ना."

"वल्हवूनच राह्यला सोमवारपासून. राजकन्या कंटाळली म्हणते."

मी गणिताचा माणूस. मी म्हणालो, एखादा मोठा मासा आणा. संध्याकाळी मास्तरांनी घसा साफ करून सांगितलं, "मंग एक मोठा मासा आला." वहिनी म्हणाल्या, "मंग?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी वासुदेवकडे. मास्तर म्हणाले, "मंग गेला." वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि वासुदेवला त्यांना उठवून बसवावं लागलं.

मी त्या दिवसांत फार थकलो होतो. दिवसभर पोरांना त्रैराशिक शिकवायचं आणि संध्याकाळी नावाड्याला कामाला लावायचं. तरी जायचो. राजकन्या होडीत आहे तोवर ती पटावर आहे, आणि पटावर आहे तोवर तिला कोणी उचलून नेत नाही, असा मास्तरांचा सरळ हिशोब होता. गणित शिकवणाऱ्या मलाही तो चुकीचा म्हणवेना.

थंडी वाढली. वहिनींच्या हातात कवड्या धरवेनात. एका संध्याकाळी मास्तर नदीतल्या कुठल्याशा भोवऱ्याचं सांगत होते, माझीच कल्पना होती, तर वहिनींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"थकली हो ते, होडीत बसून बसून. उतरू द्या तिले."

मास्तर म्हणाले, "किनारा दूर हाय अजून."

"मले दिसून राह्यला."

मग मास्तरांनी हलकेच विचारलं, "काय दिसते?"

"चिखल हाय. बाभळी हायेत." वहिनी थांबून थांबून बोलत होत्या. "अन् एक माणूस उभा हाय. तलवार नाही त्याच्यापाशी. जादू येत नाही. काहीच येत नाही बिचाऱ्याले. हाताले रंग लागेल हाय."

"काय करते तो?"

"चित्रं काढते. बरे काढते."

"मंग?"

"मंग काय. ते उतरते. त्याच्या घरी जाते. भाकरी टाकते, अन् त्याचं बोलणं ऐकते. लय बोलते तो. पण ते कंटाळत नाही."

मास्तर रडले. आमच्यासमोर, मोकळेपणाने, पोरासारखे रडले. आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मग त्यांनी पटावरून राजकन्येची सोंगटी उचलली आणि वहिनींच्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

पौषात वहिनी गेल्या.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले. संध्याकाळी मला घरात करमेना. मास्तर अंधारात एकटेच बसले असतील, असं वाटून मी त्यांच्याकडे गेलो. वासुदेव माझ्या आधीच आला होता. ओसरीवर पट अंथरलेला होता आणि मास्तर सोंगट्या मांडत होते. राजपुत्र होता, भस्मनाथ होता, माझी होती, वासुदेवची होती. बाज आत नेऊन उभी केली होती, आणि त्या जागी कोणी बसलं नव्हतं.

मी बसलो. सवयीने सोंगट्या मोजल्या आणि विचारलं, "मणिमंजिरी कुठी हाय, मास्तर?"

मास्तरांनी कवड्या माझ्यापुढे सारल्या.

"ते पोचली घरी," ते म्हणाले. "आपुनच फिरून राह्यलो."