तात्यांचे पाय

आमच्या अणदुरात विडी विझवायला सगळे एक पाय वापरतात, सुदामतात्या दोन वापरायचे. विडी टाकली की दोन्ही चवड्यांवर उभे राहून, कंबर डावी-उजवी करत ती अशी रगडायचे की बघणाऱ्यालाच धाप लागावी. ऐंशीला टेकलेला माणूस! काही बोलायला जावं तर म्हणायचे, "कमरंत करंट पाहिजे, राजा!"

तात्या म्हणजे आमच्या भागातले पहिले ट्विस्टवाले गायक. तरुणपणी सोलापुरात कुठल्याशा ऑर्केस्ट्रात ते कंबर-गुडघे घुसळायचा ट्विस्ट नाच बघून आले आणि बिघडले. वडील म्हणाले, "येवढं वळवळायचंय तर खळ्यात वळवळ. ज्वारी तरी मळून निघंल." पण ऐकतील ते तात्या कसले! त्यांनी बँडपार्टी काढली, ट्विस्टची गाणी स्वतःच रचली, आणि मग तात्यांशिवाय वरात हलेना. नवरदेव घोड्यावर आणि अख्खं गाव तात्यांच्या गुडघ्यांकडं बघतंय! तामलवाडीत तर घोडा कंटाळून नवरदेवासकट मांडवात परत गेला, कुणाला पत्ताच न्हाय.

पण खरं सांगू का, तात्यांना नुसतं गायचं होतं. सावकाश, गळा मोकळा करून. एकदा एका वरातीत तसं गाणं धरलंही, तर लोक ओरडले, "ओ तात्या, पाय हलवा की!" मग जन्मभर पायच हलवले. यंदा डॉक्टरांनी गुडघे बघून नाच बंद केला आणि तात्यांनी बोलणंच टाकलं. मला लई वाईट वाटलं.

परवा सकाळी त्यांच्याकडं चहाला गेलो तर बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. "लोकांनी माजं पाय बघितलं रं. गळा एकानं बी ऐकला न्हाय. वाया गेलो बघ."

त्यांची बायको, आमच्या काकू, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "अवं, आमा बायांना वरातीत कोन जाऊ देत व्हतं? तुमचा नाच म्या एक डाव बी बघितला न्हाय. भोंग्यावरनं निस्तं ऐकलं. दुसऱ्या कडव्याला तुमी आवाज चढवायचा, तितं माजी भाकर करपायची."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. एवढा संसार झाला, पण ही गोष्ट घरात कधी निघालीच नव्हती.

"म्हनू का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी तवा खाली उतरवला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"म्हना की. पर बसून म्हना."