पाणबुडीस लेखी पूर्वसूचना

जहाजावरून रॉकेट सोडून पाण्याखालची पाणबुडी फोडणारं शस्त्र तयार करायला आमच्या विभागाला एकोणीस वर्षं लागली. त्यातली सात वर्षं रॉकेट कोणाचं, हे ठरण्यात गेली. ते नऊ सेकंद हवेत उडतं आणि अकरा सेकंद पाण्यात बुडतं, म्हणून हवा शाखेने त्याच्यावर हक्क सांगितला आणि जल शाखेनेही. शेवटी दोन सेकंदांच्या बहुमताने ते जल शाखेकडे आलं. मी त्या शाखेचा मुख्य अभियंता. यंदा माझी निवृत्ती होती आणि त्याआधी माझं एक तरी रॉकेट एका तरी पाणबुडीला लागलेलं ऐकावं, एवढीच इच्छा होती. लोक निवृत्तीला घड्याळ मागतात, मी एक 'ठण्ण' मागत होतो.

पहिली चाचणी ठरली. रॉकेटच्या डोक्यात दारूऐवजी पिवळा रंग भरला होता. लक्ष्य म्हणून आपलीच पाणबुडी मिळाली आणि तिचा कप्तान निघाला माझा जावई. जावयावर रॉकेटच्या बारा नळ्या रोखायचा अधिकृत हुकूम किती सासऱ्यांना मिळतो? मी आठवडाभर शीळ घालत कार्यालयात जात होतो.

तेवढ्यात सुरक्षा अधिकारी बाई नियमावली काखेत मारून आल्या.

"ज्याच्या अंगावर वस्तू पडण्याची शक्यता आहे, त्याला पंधरा दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ठिकाण, वेळ आणि खोली."

"बाई, शत्रूला असं कळवतात का?"

"शत्रू कुठे? हे तर तुमचे जावई आहेत."

कळवलं. ठरल्या दिवशी बाराही रॉकेटं सुटली, ठरल्या जागी पडली, ठरल्या खोलीवर फुटली आणि तेवढा समुद्र पिवळाधमक झाला. पाणबुडी तिथे नव्हती. संध्याकाळी जावई आमच्याकडे जेवायला आला, तो अगदी ताजातवाना.

"होतात कुठे जावईबापू?"

"दोन मैल बाजूला. बाबा, तुम्हीच तर सहीशिक्क्यानिशी कळवलं होतंत."

"अहो, पण जागेवर थांबायचं ना!"

"लेकीचा नवरा आहे तो, नेमबाजीचा फळा नाही," बायको आतून कडाडली. "आणि तुमच्या शर्टावर तो पिवळा रंग सांडलाय, तो काही आता निघत नाही."

आढावा बैठकीत मी मान खाली घालून बसलो. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "शस्त्राचा उद्देश काय लिहिलाय?"

"निर्देशित स्थळी पाणबुडी शिल्लक राहू नये."

"राहिली का?"

"नाही, पण..."

"मग पण कसला? चाचणी यशस्वी. चहा सांगा."

दुसऱ्या चाचणीला सहाच रॉकेटं सोडली. पाणबुडी अडीच मैल सरकली. तिसऱ्या वेळी कोठाराची किल्ली हरवली, त्यामुळे एकही रॉकेट आलं नाही. सूचना मात्र नियमाप्रमाणे गेली होती आणि पाणबुडी पुरती तीन मैल पळाली. अभ्यासगटाने आलेख काढला. रॉकेटं कमी होत गेली तसं यश वाढत गेलं होतं, म्हणजे शस्त्राच्या मार्गात खरा अडथळा रॉकेटचाच होता. ते काढून टाकण्यात आलं आणि सूचनेचा विकास हाती घेतला. तिला न भिजणारं पाकीट मिळालं. बारा नळ्यांपैकी एकीत मूळ सूचना आणि अकरांत तिच्या प्रती ठेवायचं ठरलं. मला पदक दिलं. ते छातीवर लावताना अध्यक्षांनी टाचणी आत टोचली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा उल्लेख इतिवृत्तात 'भावनावश' असा आहे.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना बंदराच्या तोंडाशी एक परकी पाणबुडी येऊन बसली. आमच्या जहाजाने बाराही नळ्यांतून सूचना सोडल्या. पाकिटं तरंगत राहिली. पाणबुडी ढिम्म हलली नाही.

"सूचनेची पोच आली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग पाणबुडी अधिकृतरीत्या तिथे नाही."

"साहेब, खिडकीतून दिसतेय. तिच्या पाण्याबाहेर आलेल्या दुर्बिणीवर पक्षी बसलाय."

सगळे खिडकीशी गेले. पक्षी खरोखरच बसला होता. अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. मी संधी साधली. कोठारात तीन खरी रॉकेटं उरली होती आणि किल्ली मी स्वतः नवी करून घेतली होती.

"सोडा!" अध्यक्ष ओरडले.

खोटं कशाला बोलू, मी व्हरांड्यात नाचलो. या वयात, पदकासकट.

"आवाज किनाऱ्यावर ऐकू जाणार," बाई नियमावली उघडत म्हणाल्या. "रहिवाशांना कळवावं लागेल. हरकती मागवून पंधरा दिवस थांबायचं."

तरी हिशेबाने मी वेळेत होतो. बायकोने ठेवणीतला शर्ट इस्त्री करून ठेवला. जावई म्हणाला, "बाबा, या वेळी मी धक्क्यावर उभा राहून टाळ्या वाजवणार." त्याच्या तोंडून हे ऐकून मला खरंच भरून आलं.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी हरकती उघडल्या. पाणबुडीविरुद्ध एकही नव्हती. रॉकेटविरुद्ध चार हजार तीनशे बारा होत्या. काचा तडकतील, दुपारची झोप मोडेल, मांजर बिथरेल. एकाने तर पाणबुडी आल्यापासून मोटारबोटींचा गोंगाट थांबला, म्हणून विभागाचे आभार मानले होते. अध्यक्षांनी लोकभावनेचा आदर केला आणि फाईल बंद केली. दुसऱ्या दिवशी मला घड्याळ मिळालं.

आता मी गच्चीत बसून असतो. पाणबुडी अजून आहे, शेजारी दुसरीही आली आहे. वेळ जाता जात नाही, म्हणून हरकतींचा गठ्ठा घरी आणून एकेक वाचतो आहे. आज सकाळी तुमची हाती लागली. क्रमांक दोन हजार एकशे सहा. अक्षर सुरेख आहे हो तुमचं. "देशाचा प्रश्न आहे, रॉकेट अवश्य सोडावे. फक्त आमच्या बाजूने नको."