तिसऱ्या वायरचं गूढ

“माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर ती निर्दोष असते!” गुप्तहेर म्हणाले. दिवसभर टपाल कार्यालयात शिक्के मारणारे हे गृहस्थ घरी आले की गुप्तहेर होत. बायको सहायक होती, म्हणजे टॉर्च धरायची.

“अंधार पडेपर्यंत जिन्यातला दिवा लागला नाही, तर मी दादाला बोलावणार,” ती म्हणाली.

गुप्तहेरांचा चेहरा उतरला. यांनी नळ दुरुस्त करताना घरात आलेल्या पुराची गोष्ट हा मेहुणा अजून प्रत्येक लग्नात साभिनय सांगायचा.

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं होती, एक खाली, एक वर. खालचं तुटलं म्हणून गुप्तहेरांनी मेन बंद करून नवं बसवलं. वायरी निघाल्या तीन, नव्या बटणात जागा दोघींनाच. उरलीसुरली त्यांनी चिकटपट्टीत गुंडाळून ‘संशयित’ ठरवली.

दिवा लागला! पण बायकोच्या सासूबाई, म्हणजे गुप्तहेरांच्या आई, वर जाऊन आल्या आणि खालून तो लागेचना.

“तिसरी वायर शेजाऱ्यांची. वीजचोरी!”

“अहो, ते महिनाभर परगावी आहेत.”

“बघ, किती सावध आहेत!”

मग संशय बल्बवर गेला. बल्ब बदलला. नवाही फितूर निघाला. बायको हळूच फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

“आई, तू वर गेलीस की दिवा मरतो. तिथे करतेस काय?”

“बटण दाबते. रात्रभर जळत ठेवू?”

“गुन्हा कबूल!”

सासूबाईंनी केराच्या डब्यातून जुनं बटण काढून मुलाच्या नाकासमोर धरलं. “याला मागे तीन स्क्रू. तुझ्याला दोन. दुकानात जाताना जुनं बरोबर न्यावं रे!”

गुप्तहेर धावतच गेले, धावतच आले. पुन्हा मेन बंद, आणि दुसऱ्या प्रयत्नात तिन्ही वायरी जागेवर. मग खालून मुलगा लावी, वरून आई घालवी. दोघं पोरांसारखी खिदळत होती, तोच दारात दादा, हातात हत्यारांची पेटी.

“काय भावोजी, पाणी कुठवर आलं?”

“दिवा यांनी दुरुस्त केलाय,” बायको म्हणाली. “एकट्यांनी.”

सासूबाईंना एकदम खोकला आला. दादाने खालचं बटण दाबलं, वरचं दाबलं, पुन्हा खालचं दाबलं. दिवा दर वेळी ऐकत होता. दादाचं तोंड एवढंसं झालं.

गुप्तहेरांनी छाती फुगवली. “खरं म्हणजे हे प्रकरण फार गुंतागुंतीचं होतं. सुरुवातीला मला वाटलं की—”

बायकोने दिवा घालवला.