तीन तास सेहेचाळीस मिनिटं

मुदस्सर तीन वर्षांनी रियाधहून येत होता, आणि मुंबई विमानतळाच्या दारात त्याला सर्वांत आधी आपलाच चेहरा दिसला पाहिजे, एवढीच त्याच्या आईची, जहांआराची, अट होती. मागच्या खेपेस इनायतने तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेत, सौदीचं घड्याळ मागं असतं म्हणून, आणखी अडीच तास मिळवले होते. ती वेळ मुळात भारतीयच होती. मुदस्सर तेवढा वेळ आपल्याच सामानावर बसून राहिला, आणि बापाचं ते गणित महाडभर झालं.

म्हणून या वेळी काम शेजारच्या श्रीपत सरांकडे आलं. सरांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. पुराव्यावाचून ते स्वतःच्या जन्मतारखेवरही विश्वास ठेवत नसत. त्यांनी अंतर काढलं, दोन हजार सातशे पंचाहत्तर किलोमीटर. वेग धरला ताशी साडेआठशे. चढण्या-उतरण्याची तीस मिनिटं मिळवली.

"तीन तास सेहेचाळीस मिनिटं. तिथल्या नऊला सुटलं, की आपल्या तीन वाजून सोळाला चाकं टेकतील."

"तिकिटावर तीन-वीस हाय," इनायत म्हणाला.

"तिकिटावर कंपनीची इच्छा छापलेली असते."

जहांआराने निकाल दिला. "सर, तुमी संगं चला. यांचा भरवसा नाय."

सकाळी सातला जीप दारात उभी राहिली. चालवायला इनायत, मग जहांआरा, लेक उमैमा, जावई, त्यांची दोन मुलं, पोलादपूरची मावशी रिझवाना खाला आणि सर. खालाला नातवालाही मांडीवर घ्यायचं होतं. सरांनी वाहनाचं वजन, ब्रेक आणि घाट यांचा परस्परसंबंध तिला उलगडून सांगितला आणि समारोप केला, "आठ जागा म्हणजे आठ माणसं. मांडी ही जागा नव्हे." नातू रडत मागे राहिला.

विमान तीन वाजून सोळा मिनिटांनी उतरलं. इनायतने घड्याळ पाहिलं आणि सरांना हात जोडले. मुदस्सर बाहेर आला, आईचा चेहरा त्याला पहिला दिसला, दोघंही रडली. सर कृतार्थ झाले. खोकी टपावर चढली, दोरखंड आवळला, सगळे आपापल्या जागी बसले.

"अब्बा," मुदस्सर खाली उभा राहूनच म्हणाला, "मी कुठं बसू?"

सरांनी बोटांवर माणसं मोजली, आठ. जावयाने धाकट्याला मांडीवर ओढायला हात पुढे केला.

"नको रे," रिझवाना खाला गोड आवाजात म्हणाली. "आठ म्हंजे आठ. सरांनी शिकवलंय."

सर उतरले. मुदस्सरने त्यांच्या हातात खजुराचा डबा दिला आणि पनवेलला जाणारी बस दाखवली. पुढची एसटी वाटेत दोनदा बंद पडली. एकशे सत्तर किलोमीटरना आठ तास दहा मिनिटं लागली. मध्यंतरी जहांआराने तीनदा फोन करून सर कुठवर पोचले, याची काळजीने चौकशी केली.

पुढच्या आठवड्यात गल्लीतला मंगेश विचारायला आला, की दोह्याहून मुंबईला विमानाला किती वेळ लागतो. सरांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"आधी सांग, आणायला किती जण जाताय?"