चुरीकाका सुरी घेतात

आमचे घरमालक चुरीकाका सुरी घ्यायला निघाले की सदऱ्याच्या खिशात एक पिकलेला टोमॅटो ठेवत. दुकानदार सुरीचं कौतुक सांगू लागला की टोमॅटो बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "बोलण्यात काय आहे? कापून बघू." आडनाव चुरी आणि नाद सुरीचा, यावर ओळखीपाळखीत सगळ्यांचे विनोद करून झाले होते. काकांना ते ऐकूच येत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी डहाणूच्या तहसील कचेरीत बदली झाली. काकांच्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, भिंतीपलीकडे एकटेच राहायचे. गल्लीत कुणाला सुरी घ्यायची आहे असं नुसतं कानावर पडलं, तरी ते चपला घालून हजर.

माझ्या बायकोला, सुलभाला, तेव्हा सहावा महिना होता. विळीवर बसलं की तिला उठवेना. "ओट्याशी उभं राहून चिरता येईल अशी लहानशी सुरी आणा," ती म्हणाली. "आणि स्वस्तातली. पुढे खर्च आ वासून बसलेत."

हे मी काकांना सहज बोलून गेलो. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "रविवारी सकाळी निघू."

पहिलं दुकान स्टेशनजवळचं. काकांना पाहताच शेठने कपाळाला हात लावला. "काका, लेवानी छे के खाली जोवानी छे?" घ्यायचीय की नुसती बघायचीय?

"जोया वगर लेवाय?" न बघता कुणी घेतं का, असं काकांनी त्याच्याच गुजरातीत ऐकवलं आणि टोमॅटोवर सुरी दाबली. टोमॅटो कापला गेला नाही, फुटला. सगळा रस शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"बघ," काका माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "धार असती तर रस उडाला असता का?"

शेठ पुढे काही बोलायच्या आत मी काकांना दंडाला धरून बाहेर काढलं.

मग एसटीने चारोटी. तिथल्या दुकानात चकचकीत पाकिटातली सुरी होती. "ही मूठ आहे की साबणाची वडी? सूनबाईचा हात ओला असणार. सटकली म्हणजे?" काका बाहेर. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, पण काकांना जवळच्या विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा आठवली. चैत्रच होता. पुन्हा एसटी.

महालक्ष्मीच्या जत्रेत एक बाई गोणपाटावर कोयते, विळे, सुऱ्या मांडून बसली होती. काकांनी तिच्याच तांब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं आणि एकेक सुरी धरायला लावली. येणारेजाणारे थांबून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बोटभर पात्याची, लाकडी मुठीची एक साधी सुरी हातात नीट बसली. कापून बघायला मात्र काहीच उरलं नव्हतं. बाईने हसत आपल्या भाकरीबरोबरचा कांदा पुढे केला. काकांनी एका झटक्यात त्याची दोन भकलं केली.

"चालेल," ते म्हणाले. चहा-भज्यांच्या पैशांत काम झालं.

संध्याकाळी सुलभाने ओट्याशी उभं राहून वांगं चिरून पाहिलं. चेहरा असा खुलला की माझा दिवसभराचा वैताग उतरला. काका दारातून बघत होते.

"काका, तुमच्याकडे कुठली सुरी आहे हो?" तिने विचारलं.

"माझ्याकडे?" काका अडखळले. "सुरी नाहीये. खानावळीचा डबा येतो ना. ही गेली त्यानंतर स्टोव्ह पेटवलाच नाही."

सुलभाने सुरी पुसून ओट्यावर ठेवली.

"साधी सुरी घ्यायला ती अख्खा बाजार फिरवायची," काका म्हणाले. "मी मागे पिशवी धरून, लवकर आटप म्हणून कटकट करायचो. आता कुणाबरोबर फिरलो की मला आपलं बरं वाटतं. घाई करवत नाही."

सुलभाने पाट मांडला आणि ताटलीत एक वांगं ठेवून सुरी त्यांच्या हातात दिली. "आज तुम्ही चिरा. आणि जेवून जा."

काकांनी चिरलेल्या फोडी पाहून आम्हाला हसू आवरेना. एक फोड मुठीएवढी, दुसरी कागदासारखी. सगळ्या डहाणूला सुऱ्या निवडून देणाऱ्या माणसाने जन्मात कधी भाजी चिरली नव्हती! काकाही हसले, आणि तीन भाकऱ्या जेवले.

काही दिवसांनी भिंतीपलीकडून रॉकेलचा वास आला. पाठोपाठ जळक्या फोडणीचा. मग ठसका, आणि काकांची घाबरी हाक, "सूनबाई, मोहरी काळी पडली गं! आता काय करू?"

"स्टोव्ह बारीक करा, काका!" सुलभा कमरेवर हात ठेवून उठली. "कशाला हात लावू नका, मी आले!"