एकेचाळीस गोळ्या

पहिला शंख झाला आणि इओसुआनं सवयीनं पूर्वेकडची चटई खाली सोडली.

घराला भिंती नाहीत. बेटावरच्या या गावात कुणाच्याच घराला नाहीत. नुसते खांब, वर छप्पर आणि गरज पडली तर सोडायला विणलेल्या चटया. त्यामुळे माताउलीत कुणी काय खाल्लं, कोण कुणावर रुसलं, सगळं रस्त्यावरून दिसतं. चटईआड आल्यावर इओसुआनं फडताळावरच्या पांढऱ्या डबीचं झाकण उघडलं. टुणकन आवाज होऊन हिरवा दिवा लागला. आतली रक्तदाबाची गोळी त्यानं दोन बोटांत धरली, इकडेतिकडे पाहिलं आणि रेडिओमागच्या तंबाखूच्या डब्यात टाकली.

गोळी त्याची नव्हती. बायकोची होती. आणि बायको म्हणजे फेतुआओबाई, गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि महिला कमिटीच्या अध्यक्ष.

ही डबी तीन औषध कंपन्या आणि एक फोन कंपनी यांनी मिळून काढली होती. एरवी या तिन्ही कंपन्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत म्हणे, पण लोक गोळ्या घेतच नाहीत म्हटल्यावर तिघींचंही सारखंच अडलं. डबी ठरल्या वेळेआधी उघडत नाही. वेळ झाली की पाव तासात उघडायची, म्हणजे हिरवा दिवा. नाही उघडली की लाल, आणि लाल लागला की लगेच शहरात निरोप. तीन महिन्यांत ज्या गावाचे दिवे सगळ्यांत जास्त हिरवे, त्या गावच्या दवाखान्याला उन्हावर चालणारा फ्रीज मिळणार होता. नर्स मासिना आजवर लशी बर्फाच्या पेटीत घालून बसनं आणायची आणि निम्म्या वेळा बर्फाचं पाणी घेऊन उतरायची.

फेतुआओबाईंनी पहिल्याच सभेत सांगून टाकलं होतं, "फ्रीज माताउलीतच येणार. ओढ्यापलीकडच्या लोतोफालेत गेला तर मी तोंड दाखवणार नाही."

मग त्यांनी डब्यांची वेळ संध्याकाळच्या पहिल्या शंखाला लावून घेतली. पहिला शंख म्हणजे घरी या, दुसरा म्हणजे प्रार्थनेला बसा, तिसरा म्हणजे उठा. पहिल्या-दुसऱ्याच्या मधल्या वेळात कमिटीच्या बायका फेरी काढायच्या. एरवी अंगण झाडलंय का, चटया उन्हात घातल्यात का हे बघणारी कमिटी आता गोळी गिळली का ते बघू लागली.

"जीभ वर करा काका. अजून वर. ती काय आहे पांढरी?"

"नारळ आहे गं बाई, खोबरं."

"गिळा आणि परत दाखवा."

ज्याच्या घरी लाल दिवा, त्याला डबाबंद माशांचा एक खोका दंड. "आणि अध्यक्षाच्या घरी लागला तर दुप्पट," हे बाईंनी स्वतःच मान ताठ करून जाहीर केलं होतं.

पावसाचे दिवस होते तोवर सगळं ठीक चाललं होतं. फेरी निघत नव्हती, बाई घरीच असायच्या आणि गोळी घ्यायच्या. पाऊस संपला, फेरी रोजची झाली आणि चौतीस घरांच्या जिभा बघता बघता बाईंना स्वतःच्या घरी पोचायला दुसरा शंख होऊ लागला. पहिल्या दिवशी डबी टुकटुक करत राहिली. आता लाल लागणार, गावात हसं होणार, या धसक्यानं इओसुआनं झाकण उघडून टाकलं. धापा टाकत बाई आल्या तशी त्यानं गोळी पुढे केली.

"आता प्रार्थना. जेवल्यावर बघू."

जेवताना बाईंनी कुणी गोळी गालात दडवली, कुणी कुरकुर केली, ते सगळं सांगितलं आणि सांगता सांगताच त्यांचा डोळा लागला. झोपेतून उठवायची इओसुआची छाती झाली नाही. सकाळी बाईंनी डबीकडे पाहिलं. हिरवा.

"बघितलंत? इतकी दमले होते, तरी घेतलीच मी."

"अगं, ती मी..."

"मध्ये बोलू नका. दिवा खोटं बोलतो का?"

इओसुआ चाळीस वर्षांत मध्ये बोलला नव्हता, तो काय आता बोलणार. त्यानंतर रोज चटई, रोज झाकण, रोज तंबाखूचा डबा. दमून आलेल्या बाई हिरवा दिवा बघत आणि गोळी घेतली असंच धरून चालत. रोज तो ठरवी, उद्या सांगतो. पण फ्रीजचे दिवस मोजत बाई अशा काही खुशीत असायच्या की तो सांगणं पुढे ढकली. अलीकडे मात्र त्यांचं डोकं दुखू लागलं होतं. "कामाचा ताण," बाई म्हणायच्या. इओसुआला खरं कारण ठाऊक होतं.

तीन महिने संपले. चारही कंपन्यांच्या वतीनं डेन्झिल नावाचे साहेब ऑकलंडहून आले, कागदांची मोठी फाइल घेऊन. सभेच्या घरात सगळं गाव जमलं. कानामागे लाल फूल खोचून बाई मधोमध बसल्या होत्या.

"माताउली आणि लोतोफाले, दोन्ही गावांचा एकही दिवा लाल नाही," साहेब म्हणाले, तसं लोकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "अकरा देशांत असं कुठे झालेलं नाही. म्हणून आम्ही आता सगळ्यांचा रक्तदाब मोजणार. तो उतरला असेल तर गोळ्या खरंच पोटात गेल्या असं समजू. डबी नुसतीच उघडली असेल, तर ते गाव बाद."

"मोजा की," बाई म्हणाल्या. "आमची माणसं शाळेपासून माझ्या हाताखालची आहेत."

मासिनानं एकेकाच्या दंडाला पट्टा बांधला. खोबरेवाले काका, उतरला. मच्छीमार, उतरला. चौदा वर्षं एकही औषध न गिळलेली पाद्रीबाईंची सासू, तिचासुद्धा उतरला. प्रत्येक आकड्याला लोक टाळ्या वाजवत होते आणि बाई प्रत्येक टाळीला तसूभर उंच होत होत्या. इओसुआ खांबाच्या आड आड सरकत होता.

शेवटी बाई बसल्या. मासिनानं एकदा मोजलं. परत मोजलं. दुसऱ्या हातावर मोजलं.

"एकशे नव्वद. खाली एकशे दहा."

"यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या.

मासिनानं पट्टा स्वतःला बांधला. यंत्र ठीक होतं. साहेबांनी कागद चाळले. "यांची डबी तर रोज वेळेवर उघडलीय, आणि अध्यक्षबाई काही गोळी चुकवणार नाहीत. म्हणजे औषध पुरत नाही. आजच डॉक्टरांशी फोनवर बोलू. गोळी दुप्पट करावी लागेल."

इओसुआ खांबाआडून पुढे आला. बोलावं तर दवाखान्याचा फ्रीज जातो. गप्प बसावं तर उद्यापासून बायको दुप्पट गोळ्या गिळणार, आणि आता तर ती खरंच गिळणार, जीभ वर करून.

"गोळी दुप्पट करू नका," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "तुम्ही मध्ये..."

"आज बोलतो गं." तो उठला, समोरच्या आपल्या घरी गेला, तंबाखूचा डबा घेऊन आला आणि साहेबांच्या पुढ्यात पालथा केला. "एकेचाळीस आहेत. झाकण मी उघडायचो. तिला फेरीतून यायला उशीर व्हायचा. ती सगळ्या गावाकडे बघायची, तिच्याकडे बघायचं माझं काम होतं. ते मी केलं नाही, नुसता दिवा हिरवा केला. चूक माझी, गावाची नाही."

मासिना हळूच म्हणाली, "तरीच म्हटलं, संध्याकाळच्या वेळी पूर्वेकडची चटई कशाला सोडतात."

बाईंनी गोळ्या एकेक करून मोजल्या. मग उठल्या. आवाज शाळेतलाच होता, जरा फाटलेला.

"कमिटीची सभा भरली आहे. अध्यक्षांच्या घरी एकेचाळीस लाल दिवे. दुप्पट दंड, म्हणजे ब्याऐंशी खोके. हरकत असेल त्यानं हात वर करावा."

"बाई, एवढे खोके दुकानात पण नाहीत," खोबरेवाले काका म्हणाले.

"मग आमची डुकरं कापा. दोन्ही. पण या गावात दंड कुणालाही चुकत नाही, हे साहेबांनी लिहून घ्यावं."

साहेबांनी खरंच लिहून घेतलं. "गोळी पोटात गेली की नाही हे आमच्या डबीला कळत नाही, आणि डबी काढताना हे चार कंपन्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही," असं पुटपुटले, थोडं हसले आणि गाडीत बसून लोतोफालेला गेले. फ्रीजचं नाव काही त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला शंख झाला तेव्हा फेरी निघाली ती थेट अध्यक्षांच्या घरी. बारा बायका रस्त्यावर ओळीनं उभ्या, चारही बाजूंच्या चटया वर गुंडाळलेल्या. इओसुआनं डबी उघडली, गोळी बाईंच्या हातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला आणि बाईंनी ती गिळली.

"जीभ वर कर," तो म्हणाला.

बाईंनी केली. एवढ्यात मासिना ओढ्याकडून धावत आली.

"बाई, साहेबांचा निरोप आहे. फ्रीज आपल्याला. काल त्यांनी लोतोफालेत सगळ्यांत आधी तिथल्या अध्यक्षबाईंनाच पट्टा बांधला. त्यांच्या घरीपण न घेतलेल्या गोळ्यांचा डबा सापडला. मग दोन्ही गावं बाद करण्याऐवजी साहेबांनी गोळ्या मोजल्या."

"किती निघाल्या?"

"त्र्याऐंशी. नवरा शेवटपर्यंत नाहीच म्हणत होता. घर धुंडाळावं लागलं."

बाईंनी जीभ आत घेतली, घोटभर पाणी प्यायल्या आणि बारा जणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आमच्याकडे एकेचाळीसच होत्या. आणि आमच्या माणसानं आपणहून सांगितलं."