माहितगारांचा उजवा पाय

विमा कचेरीतल्या त्या हेडक्लार्कना सासुरवाडीत सगळे 'माहितगार' म्हणत. (समोर नव्हे.) मेहुण्याने आफ्रो-क्यूबन जॅझच्या कार्यक्रमाची सगळ्यांसाठी तिकिटं आणली, तेव्हा या संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण सासूबाईंसमोर तसं कबूल करायचं म्हणजे आजवर कमावलेली अब्रू गेली! म्हणून खुर्चीत बसताना त्यांनी एक साधासा निर्णय घेतला: जाणकारासारखं बसायचं. उजवा पाय डाव्यावर, डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी.

"अहो, झोपलात का?" बायकोने कोपराने ढोसलं.

"ताल पकडतोय," ते पुटपुटले.

कोंगा नावाचे ते उंच ढोल असे काही घुमायला लागले, की सासूबाईसुद्धा डोलू लागल्या. माहितगार मात्र पुतळ्यासारखे स्थिर. बघता बघता उजवा पाय बधिर झाला. तो आपल्याला आहे की नाही, हेच कळेना. खात्री करायला त्यांनी अंधारात मांडीला चिमटा घेतला.

शेजारचे गृहस्थ किंचाळले.

माफी मागायला माहितगार घाईघाईने उठले आणि पायात मुंग्यांचं वारूळच फुटलं. पाय झटक, आपट, पुन्हा झटक. तोल सावरायला दोन्ही हात हवेत! स्टेजवरच्या ट्रम्पेटवाल्याने ते पाहिलं आणि आनंदाने आरोळी ठोकली. प्रकाशझोत त्यांच्यावर आला. कोंगावाल्याने त्यांच्या लंगडण्याला बरोब्बर ठेका दिला.

पुढची रांग उठली, मागची उठली. अख्खं सभागृह उजवा पाय झटकू लागलं. बायको हसून हसून डोळे पुसत होती, आणि चिमटा खाल्लेले गृहस्थही अगदी मनापासून लंगडत होते.

"दाजी, हे कधी शिकलात?" मेहुणा ओरडला.

"कॉलेजात... थोडंफार!" (खरं सांगायची वेळ टळून गेली होती.)

मध्यंतरात बाहेर लोकांनी त्यांना गराडाच घातला. एक बाई म्हणाल्या, "ती स्टेप एकदा सावकाश दाखवा ना!"

माहितगारांनी ऐटीत पाय उचलला. पण पाय आता ठणठणीत! काही केल्या तो झटका येईना. उगाच दोनचार उड्या मारून ते घामाघूम झाले. लोक एकमेकांकडे बघू लागले.

तेवढ्यात सासूबाईंनी एक खुर्ची पुढे ओढली आणि मायेने म्हणाल्या, "जावईबापू, बसा निवांत. मुंग्या आल्या, की मी सगळ्यांना हाक मारते."